दिसतं तेवढ्या रस्त्यात थांबता येतंय का? हायवेवर पहिल्यांदा गाडी काढणाऱ्यांसाठी

आमच्या भाचीला नुकतंच पक्कं लायसन्स मिळालं. त्याच संध्याकाळी तिचा फोन आला, "मामा, रविवारी पुण्याहून कराडला गाडी मीच घेऊन येऊ?" आवाजात एवढा आनंद होता की नाही म्हणवेना. पण शनिवारी पुण्यात गेलो, तिला तासभर समोर बसवलं आणि वीस वर्षं या रस्त्यावर ये-जा करताना जे शिकलो, पाहिलं, ते सगळं सांगितलं. तेच इथे लिहितोय. लायसन्स नवं असेल आणि गाव-शहराबाहेर गाडी काढायची वेळ आली असेल, तर हे तुमच्यासाठी आहे. दुचाकीवाल्यांनीही वाचावं, कारण मरणाऱ्यांत सगळ्यात जास्त तेच आहेत.

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये क्लच, गिअर, रिव्हर्स शिकवतात. ते लागतंच. पण क्लच नीट सुटला नाही म्हणून कोणी जात नाही. गाडी बंद पडते, मागचा हॉर्न वाजवतो, विषय संपतो. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातल्या दहापैकी सात मृत्यूंपुढे सरकारी अहवालात कारण लिहिलंय अतिवेग. आता हा आकडा येतो पोलिसांच्या नोंदीतून, आणि आपल्याकडच्या फिर्यादीतलं वाक्य ठरलेलं असतं, "हयगयीने, अविचाराने व भरधाव वेगात वाहन चालवून". चुकीच्या जागी तोडलेला दुभाजक, कठडा नसलेलं वळण, अंधारात उभा ट्रक हे सगळं त्या एका वाक्यात बुडून जातं. रस्ता बांधणाऱ्यांची जबाबदारी त्यात दिसत नाही, आणि ती आहे, मोठी आहे. तरीही गाडीत बसल्यावर तुमच्या हातात जी एक गोष्ट उरते ती वेगच.

आधी मीटर समजून घ्या, किलोमीटर नंतर

ब्रेक दाबल्यावर गाडी थांबते हे खरं, पण ब्रेक दाबायलाही वेळ लागतो. समोर काहीतरी आहे हे डोळ्यांना दिसणं, डोक्यात शिरणं आणि पाय ब्रेकवर जाणं यात सावध माणसाचाही साधारण दीड सेकंद जातो. तेवढ्या वेळात गाडी आहे त्या वेगाने पुढे जातच असते. कोरडा चांगला रस्ता, चांगले टायर, चांगले ब्रेक धरून हिशोब केला तर थांबायला लागणारा एकूण रस्ता असा येतो: ताशी ६० ला सुमारे ४५ मीटर, ८० ला ७०, १०० ला जवळपास १०० आणि १२० ला १३० मीटर. रस्ता ओला असेल तर ब्रेक लागल्यानंतरचा भाग दुप्पट धरा. म्हणजे पावसात १०० च्या वेगाला दीडशे मीटरही कमी पडतात.

भाचीने यावर विचारलं, "साठ आणि ऐंशीत एवढा काय फरक पडतो?" मी तिला कागदावर काढून दाखवलं. रस्त्यावर अचानक म्हैस आली. ६० ने येणारी गाडी ४५ मीटरवर, म्हशीच्या पुढ्यात, जेमतेम थांबली. तिथूनच ८० ने येणाऱ्याने त्याच क्षणी म्हैस पाहिली, तेवढ्याच चपळाईने ब्रेक मारला. पण त्याचे ३३ मीटर नुसते पाय हलेपर्यंतच गेले. उरल्या १२ मीटरांत वेग थोडासाच उतरतो. पहिली गाडी जिथे उभी राहिली, तिथे दुसरी ताशी ६५ च्या आसपास वेगाने म्हशीवर आदळते. १०० ने येणाऱ्याचा तर तोवर ब्रेक नुकता लागलेला असतो. वेगात फरक विसाचा, पण एक जण घरी जातो आणि दुसऱ्याची काच फोडून म्हैस आत येते.

म्हणून तिला एकच प्रश्न पाठ करायला लावला. गाडी चालवताना सारखा विचारायचा: आत्ता मला जेवढा रस्ता दिसतोय, तेवढ्यात मी थांबू शकते का? उत्तर नाही असेल तर पाय ॲक्सिलरेटरवरून काढायचा. रात्र, पाऊस, धुकं, वळण, चढाचा माथा, पुढचा उंच कंटेनर, या सगळ्यांत दिसणारा रस्ता आखूड होतो आणि आपण मात्र मघाच्याच वेगात असतो. मोठे अपघात बहुतेक इथेच होतात. पुढचं सगळं या एका प्रश्नाभोवती आहे.

निघण्याआधी, गाडी उभी असताना

टायरपासून सुरुवात करा. चार तळव्यांएवढा रबर रस्त्याला टेकलेला असतो, तुमचा ब्रेक आणि स्टिअरिंग त्यावरच चालतं. हवा किती हवी ते ड्रायव्हरच्या दरवाजाच्या चौकटीवर चिकटवलेल्या पट्टीवर छापलेलं असतं, हवा भरणाऱ्या पोराच्या अंदाजाने भरू नका. टायर थंड असतानाच तपासा. कमी हवेवर टायरच्या कडा दुमडत राहतात, आतून तापतात, आणि समृद्धीसारख्या लांबलचक सिमेंटच्या रस्त्यावर तासनतास वेगात पळवल्यावर फुटतात. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. कमी चाललेली जुनी गाडी विकत घेतलीत तर हे नक्की बघा. नक्षी शाबूत दिसते, पण रबर वाळलेला असतो.

मग सीट. पाठ टेकवून बसल्यावर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे आणि ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. नवे चालक भीतीने स्टिअरिंगला चिकटून बसतात. एअरबॅग उघडते तेव्हा ती डोळ्याची पापणी लवायच्या आत बाहेर येते, छाती तिला अगदी टेकलेली असेल तर तीच इजा करते. एक वीतभरापेक्षा थोडं जास्त अंतर ठेवा. बाजूचे आरसे असे लावा की आपल्या गाडीची कड त्यात जेमतेम दिसेल. बहुतेकांच्या आरशात अर्धी आपलीच गाडी दिसत असते.

पट्टा सगळ्यांनी, मागच्यांनीसुद्धा

यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण मराठी घरांत हे अजून पटलेलं नाही. पुढच्यांनी पोलिसांसाठी पट्टा लावायचा आणि मागे आजी, मुलं, डबे मोकळे, असाच प्रवास चालतो.

४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांची गाडी कठड्यावर आदळली. गाडी महागडी, सुरक्षेच्या सगळ्या सोयींची. पुढे बसलेले दोघे गंभीर जखमी झाले पण वाचले. मागे बसलेल्या दोघांनी पट्टा लावलेला नव्हता, ते दोघेही गेले. त्याआधी ३ जून २०१४ ला दिल्लीत भर शहरात, विमानतळाकडे जाताना गोपीनाथ मुंडे यांच्या गाडीला धडक बसली. तेही मागच्या सीटवर होते. मागच्या पट्ट्याबद्दलच्या गैरसमजामुळे आपण एक मित्र गमावला, अशा अर्थाचं तेव्हाचे आरोग्यमंत्री हर्षवर्धन नंतर बोलले होते. हा अपघात घाटात नाही, हायवेवर नाही, सकाळी शहरात झाला. बीड-परळीकडच्या लोकांना तो दिवस अजून आठवतो.

ताशी ५० ने जाणारी गाडी भिंतीला आदळली तर आतलं मोकळं माणूस पुढच्या गोष्टींवर त्याच ५० ने आदळतं. सुमारे दहा मीटरवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडल्यासारखंच ते. मागचा माणूस पुढच्या सीटवर आदळला की पट्टा लावलेला पुढचाही चिरडतो. दहा किलोचं बाळ मांडीवर घेतलं असेल तर त्या क्षणी हातांना ते अडीच-तीनशे किलोंचं होतं. कुठल्याच आईच्या हातांत तेवढी ताकद नसते. बाळाची वेगळी खुर्ची घ्या, ती मागच्या सीटवर बांधा. पुढे एअरबॅग असेल तिथे बाळाला उलट्या तोंडाच्या खुर्चीत कधीच बसवू नका. आणि पट्ट्याची पीं-पीं बंद करायला दुकानात मिळणाऱ्या त्या नकली क्लिपा गाडीत असतील तर आजच काढून टाका.

दुचाकीवर पट्ट्याच्या जागी हेल्मेट. २०२२ मध्ये गेलेल्यांपैकी ४४ टक्क्यांहून जास्त दुचाकीवरचे होते, आणि हेल्मेट न घातलेले पन्नास हजारांवर. कायद्याने चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्याला, चार वर्षांवरच्या प्रत्येकाला ते लागतं. आयएसआय खूण, आयएस ४१५१ हा क्रमांक बघा. हनुवटीखाली पट्टा लावल्यावर दोन बोटं जातील इतपतच सैल हवा. पट्टा न लावलेलं हेल्मेट पहिल्या आपटीला उडून जातं आणि डोकं दुसऱ्या आपटीला उघडं असतं. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून चांगलं दिसलं तरी बदला.

आणि पदर, ओढणी. मागे एका बाजूला बसलेल्या बाईचा पदर चाकात किंवा चेनमध्ये जातो, एका झटक्यात ती मागे ओढली जाते, डोकं रस्त्यावर. वेग तीस-चाळीसचाही पुरतो. आमच्या भागात लग्नसराईत हे दरवर्षी ऐकायला मिळतं. गाडीला साडीगार्ड आणि पाय ठेवायला पट्टी आहे का बघा, निघण्याआधी पदर कमरेला खोचून घ्या, ओढणीची टोकं मागे बांधून ती अंगाखाली दाबून बसा. दोन्ही बाजूंना पाय टाकून बसणं सगळ्यात बरं.

पहिला प्रवास कधी आणि कुठे

दिवसा, कोरड्या हवेत, शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आतला, आणि शेजारी शांत माणूस. शेजारचा जर "अगं ब्रेक, ब्रेक!" असं ओरडणारा असेल तर त्याला मागे बसवा. रविवारी सकाळी सातला निघालात तर रस्ता मोकळा मिळतो, संध्याकाळी परत येणाऱ्यांच्या गर्दीत सापडलात तर पहिल्याच दिवशी घाम फुटेल. द्रुतगती मार्ग पहिल्या फेरीला नको असं माझं मत आहे. तो सोपा वाटतो, समोरून कोणी येत नाही. पण तिथे चूक झाली तर ती शंभराच्या वेगात होते. (दुचाकी आणि रिक्षाला तिथे बंदीच आहे.)

अंतर, लेन आणि ट्रकची भाषा

पुढच्या गाडीपासून अंतर मीटरमध्ये मोजता येत नाही, सेकंदांत येतं. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की मनात म्हणा, "एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन." तिन्ही म्हणून व्हायच्या आत तुम्ही त्या खांबाशी पोहोचलात तर फार जवळ आहात. पावसात पाचपर्यंत मोजा. भाचीची तक्रार, "मामा, मग मध्ये दुसरा घुसतो." घुसू दे. पुन्हा मागे सर. कराडपर्यंत वीस जण घुसले तरी दोन मिनिटांचा उशीर होत नाही. घाईचं गणितही तिला करून दाखवलं: शंभर किलोमीटर ८० ने गेलं तर सव्वा तास, १०० ने गेलं तर एक तास. पंधरा मिनिटं, तीही रस्ता पूर्ण मोकळा मिळाला तर.

सगळ्यात उजवी लेन ओव्हरटेकची. ओव्हरटेक करून पुन्हा डावीकडे या. आपल्याकडे भरलेले ट्रक उजवी लेन धरून चाळीसने चालतात आणि मग लोक डावीकडून नागमोडी कट मारतात. डावीकडून ओव्हरटेक मारताना तुम्ही ट्रकच्या आंधळ्या बाजूला असता. ट्रकच्या आरशात ड्रायव्हरचा चेहरा तुम्हाला दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. शहरात डावीकडे वळणाऱ्या ट्रक-बसच्या डाव्या कुशीत दुचाकी घालणं म्हणजे मागच्या चाकाखाली जाणं, कारण वळताना मागची चाकं पुढच्यांपेक्षा आतून येतात.

आता हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नसतं. ट्रकवाल्याने उजवा इंडिकेटर दिला तर त्याचे दोन अर्थ होतात. एक, तो उजवीकडे येतोय. दुसरा, तो तुम्हाला सांगतोय की पुढे रस्ता मोकळा आहे, ये, ओव्हरटेक कर. दोन्ही अर्थ आपल्या रस्त्यांवर रोज वापरले जातात आणि चुकीचा लावला तर जीव जातो. मी नव्यांना सांगतो की इंडिकेटरचा दुसरा अर्थ तुम्हाला माहीत नाही असंच समजा. पुढचा रस्ता स्वतःच्या डोळ्यांनी दिसेपर्यंत बाहेर काढू नका.

रस्त्यात झाडाची फांदी किंवा ओळीने मांडलेले दगड दिसले, तर पुढे गाडी बंद पडून उभी आहे. आपल्याकडे तोच लाल त्रिकोण. लगेच वेग कमी करा. कधी कधी गाडी निघून जाते आणि दगड तसेच राहतात. दुचाकीवाल्यांनो, रात्री तो दगड दिसत नाही.

दुभाजक असलेल्या रस्त्यावरही समोरून माणूस येऊ शकतो. पंपावर, ढाब्यावर, शेतात जायला वळसा नको म्हणून राँग साइडने येणारी दुचाकी तुमच्या डाव्या कडेला असते, बहुधा बिनलाइटची. लोकांनी दुभाजक तोडून केलेल्या वाटांतून गाई-गुरं, सायकली आणि ट्रॅक्टर निघतात. गाव जवळ आलं, टपऱ्या दिसायला लागल्या की पाय ब्रेकच्या वर आणून ठेवायचा. "अपघातप्रवण क्षेत्र" अशी पाटी दिसली तर ती गंभीरपणे घ्या. अर्ध्या किलोमीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत पाच गंभीर अपघात किंवा दहा मृत्यू झाले की त्या जागेला ब्लॅक स्पॉट म्हणतात. तिथे आधी माणसं गेलेली असतात.

रात्र आणि ऊस

डिपरवर, म्हणजे खालच्या लाइटवर, साध्या गाडीचा उजेड चाळीस-पन्नास मीटरच नीट पडतो. वरचा आकडा आठवा, ६० ला ४५ मीटर. म्हणजे डिपरवर गाडी साठच्या पुढे असेल तर अंधारात काय आहे हे दिसेल तेव्हा थांबणं हातात राहिलेलं नसेल. रस्ता मोकळा असेल तर अप्पर वापरा, समोरून गाडी दिसताच डिपर द्या. समोरच्याने दिला नाही तर चिडून तुम्हीही अप्पर मारू नका, दोन आंधळे एकमेकांकडे येण्यात काही हशील नाही. नजर त्याच्या दिव्यांवरून काढून रस्त्याच्या डाव्या पांढऱ्या पट्टीवर ठेवा आणि वेग उतरवा.

मी हे शिकलो ते उंब्रजच्या अलीकडे, जानेवारीतल्या एका रात्री. वेग ऐंशीच्या आसपास. समोरच्या बाजूने येणाऱ्या बसचे दिवे डोळ्यांवर आले, ती निघून गेली, आणि काळोखात मला काहीतरी हलताना दिसलं. पाचटाची टोकं होती. वाऱ्याने हलत होती. त्यामागे उसाच्या मोळ्यांची भिंत, आणि तिला ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, वेग पंधरा-वीसचा. ब्रेक एवढा दाबला की पाय दुखला. गाडी तिरकी होऊन थांबली तेव्हा एक ऊस बॉनेटच्या वर आलेला होता, काचेपासून हातभर. शेजारी बायको आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलेला मुलगा. त्या रात्रीनंतर मी अंधारात साठच्या पुढे जात नाही आणि मुलाला पट्ट्याशिवाय बसवत नाही.

गळीत हंगाम साधारण दिवाळीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो. सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, नगरच्या रस्त्यांवर रात्रभर ऊस वाहिला जातो, ट्रॉल्यांतून आणि बैलगाड्यांतूनही. ट्रॅक्टरच्या दिव्यांचा उजेड पुढे पडतो, मागून भार काळाच असतो. गाडीवानाची, ऊसतोड कामगारांची बायका-मुलं त्या गाडीवर बसलेली असतात, म्हणजे तिथे धडकलात तर मरणारे तुम्ही एकटे नसता. कारखान्यांनी प्रत्येक ट्रॉलीला रिफ्लेक्टर आणि लाल कापड लावूनच वजनकाट्यावर घ्यायला हवं, आणि ते काम काहीशे रुपयांचं आहे. ते सगळीकडे होईपर्यंत रात्रीच्या प्रवासात डावीकडे कुठेतरी एक काळी ट्रॉली आहेच, असं धरून चाला.

पाऊस, पाणी, घाट

पहिल्या पावसाची पहिली पंधरा-वीस मिनिटं सगळ्यात घसरडी. उन्हाळाभर सांडलेलं तेल आणि धूळ पाण्यावर येते. जोराच्या पावसात टायर आणि रस्ता यांच्यामध्ये पाण्याचा थर आला की स्टिअरिंग एकदम हलकं लागतं. तेव्हा ब्रेक दाबू नका, स्टिअरिंग झटकू नका, ॲक्सिलरेटर सोडा, गाडी आपोआप रस्ता पकडते. पावसात चारही इंडिकेटर लावून चालण्याची पद्धत सोडा. तुम्ही वळताय की थांबलाय हे मागच्याला कळत नाही. डिपर लावा, मागचा लाल दिवा त्याच्याबरोबर लागतो.

२ ऑगस्ट २०१६ ची रात्र कोकणातल्या लोकांना सांगावी लागत नाही. महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना पूल पुरात कोसळला आणि अंधारात, पावसात दोन एसटी आणि इतर गाड्या नदीत गेल्या. पूल नाही हे ड्रायव्हरला दिसण्याची सोयच नव्हती, त्यांना दोष देता येत नाही. पण पुलावरून, फरशीवरून पाणी वाहताना दिसत असेल तर तुम्हाला ती सोय आहे. फूटभर वाहतं पाणीही छोटी गाडी ढकलतं. अलीकडे थांबा, रात्र गाडीत काढा.

घाटाचा नियम सोपा: ज्या गिअरमध्ये घाट चढावा लागेल त्याच गिअरमध्ये उतरायचा. डिझेल वाचवायला न्यूट्रल किंवा इंजिन बंद करून गाडी सोडायची सवय आपल्याकडे फार आहे. इंजिन बंद झालं की ब्रेकला मिळणारी मदत बंद होते, पॅडल दगडासारखं घट्ट होतं. सतत दाबून ब्रेक तापतात आणि मग लागतच नाहीत. पुण्यात नव्या कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार याच कारणाने कुप्रसिद्ध आहे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एका भरधाव अवजड वाहनाने डझनावारी गाड्यांना ठोकलं. उतारावर चालकाने इंजिन बंद केलं होतं, असं पोलिसांच्या प्राथमिक तपासात पुढे आलं. त्या उतारावर तुमच्या मागे ट्रक असेल तर लेन बदलून त्याला आधी पुढे जाऊ द्या.

अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. वळणाआधी हॉर्न, वळणावर ओव्हरटेक नाही. पावसाळ्यात ताम्हिणी, वरंध, आंबोलीत धबधब्याजवळ गाड्या कशाही लावलेल्या असतात आणि माणसं रस्त्यात उभी राहून फोटो काढत असतात. तिथे वीसच्या पुढे जाऊ नका.

झोप, फोन, दारू

दारूबद्दल एकच वाक्य पुरे आहे: घेतली असेल तर चावी दुसऱ्याकडे. फोनबद्दल हिशोब तोच, ६० च्या वेगात दोन सेकंद मेसेज वाचला की ३३ मीटर डोळे मिटून गेलात. नकाशा निघण्याआधी लावा, तो वाट बोलून सांगेल असा ठेवा.

झोप मात्र वेगळी, कारण तिला आपण दोष मानत नाही. कामावरून सुटून, रात्री जेवून, "सकाळी घरी पोहोचू" म्हणून निघणं हे आपल्याकडे कर्तबगारीचं समजतात. चार सेकंदांची डुलकी शंभराच्या वेगात शंभर मीटरहून जास्त अंतर खाते, ब्रेक तर लागतच नाही. मध्यरात्रीनंतर पहाटे पाचपर्यंत आणि दुपारी जेवणानंतर ती हमखास येते. १ जुलै २०२३ ला समृद्धीवर सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून २५ जण गेले, ती वेळ रात्री दीडची होती. समृद्धीसारखा ७०१ किलोमीटरचा सरळ, एकसुरी रस्ता असेल तर मन आधी झोपतं, डोळे नंतर. मागचे दोन किलोमीटर आठवत नाहीत असं वाटलं, जांभया सुरू झाल्या, गाडी पांढऱ्या पट्टीवर जायला लागली, तर काच खाली करून किंवा गाणी मोठ्याने लावून काही होत नाही. पंपावर गाडी लावा, वीस मिनिटं झोपा, उठून चहा घ्या. दर दोन तासांनी उतरायचं, हे प्रवासाच्या वेळेत आधीच धरा.

गाडी बंद पडली, किंवा समोर अपघात दिसला

गाडी बंद पडली तर जमेल तितकी डावीकडे, रस्त्याबाहेर घ्या. चारही इंडिकेटर लावण्याची हीच वेळ. लाल त्रिकोण निदान पन्नास पावलं मागे ठेवा, हायवेवर त्याहून लांब. आणि मग सगळ्यांना गाडीतून उतरवून कठड्यापलीकडे न्या. गाडीच्या मागे उभं राहून स्टेपनी काढताना, किंवा किरकोळ धडकेनंतर रस्त्यातच भांडत उभं राहिल्यावर मागून आलेल्या ट्रकखाली माणसं जातात.

अपघात दिसला तर आधी स्वतःची गाडी सुरक्षित लावा. ११२ वर फोन करा, रुग्णवाहिकेसाठी १०८, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. जखमीला पाणी पाजू नका. आग किंवा दुसऱ्या गाडीची भीती नसेल तर ओढून बाहेर काढू नका, मणक्याला इजा असू शकते. श्वास अडकत नसेल तर हेल्मेटही काढू नका. रक्त वाहतंय तिथे स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा, मदत येईपर्यंत हात काढू नका.

पोलिसांच्या लफड्यात पडायला नको म्हणून लोक पुढे निघून जातात. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १३४-अ घातलं गेलं. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही, आणि नाव सांगायची सक्तीही करता येत नाही. २०२५ पासून अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख न भरता मिळण्याची केंद्राची योजनाही लागू आहे, नेमलेल्या रुग्णालयांत. जखमीच्या नातेवाइकांना हे माहीत नसतं, तुम्ही सांगा.

फोनवर समोरचा पहिलं विचारतो, "नक्की कुठे?" आणि घाबरलेल्या माणसाला एवढंच सुचतं, "साताऱ्याच्या पुढे." म्हणून भाचीला शेवटी एक सवय लावली. रस्त्याच्या कडेला किलोमीटरचे दगड आणि हिरव्या पाट्या असतात. प्रवासभर अधूनमधून तो आकडा आणि आपण कुठल्या दिशेने चाललोय हे मोठ्याने म्हणायचं. ती रविवारी आली तेव्हा वाटेतले आकडे तिच्या धाकट्या भावाने वहीत लिहून आणले होते, खेड शिवापूरपासून कराडपर्यंत, एकही न चुकता.